डॉक्टर कुंदा गैरहजर

"कलेक्टर अंकुश भोयर."

"हजर."

"कलेक्टर स्नेहल कोरडे."

"हजर म्याडम."

"डॉक्टर प्रमोद इंगोले."

डॉक्टर प्रमोद इंगोले बाकाखाली वाकून पुढच्या मुलाच्या चपलेचा अंगठा तोडण्यात गुंतले होते. मी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ते वर आले, हजर म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

माझ्या वर्गात सात कलेक्टर होते आणि जिल्हा एकच. डॉक्टर तर इतके, की गावात साथ आली असती तरी रुग्ण कमी पडले असते. शिवाय एक वैमानिक होता, त्याला एसटीतसुद्धा उलटी होत असे. या सगळ्यांना रोज सकाळी त्यांच्या हुद्द्यासकट हाक मारायची आणि चेहरा सरळ ठेवायचा, हे माझं काम होतं.

कल्पना हेडमास्तर गावंडे सरांची. उन्हाळ्यात ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले होते आणि तिथून एक कापडी पिशवी आणि ही योजना घेऊन आले होते. दहावीच्या प्रत्येक मुलानं आपलं ध्येय ठरवायचं, ते नावाच्या आधी लावायचं आणि वर्षभर त्याच नावानं हजेरी द्यायची. रोज ऐकून ऐकून ते अंगात मुरतं म्हणे. योजनेचं नाव 'उद्याची हजेरी'. ज्या बैठकीत या कामाची वाटणी झाली त्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. शाळेत काम कोणाला द्यायचं याचा एकच नियम असतो, जो जागेवर नसेल त्याला. सुजलेला गाल घेऊन परत आले तेव्हा मी 'व्यवसाय मार्गदर्शन प्रमुख' झालेली होते.

मी सासवडची. नवरा वनखात्यात, त्याची बदली वर्ध्याकडे झाली म्हणून आम्ही त्या भागात गेलो आणि मला या गावच्या संस्थेत मराठी शिकवायची नोकरी मिळाली. माझ्या मराठीला तिथली मुलं हसायची आणि त्यांच्या मराठीनं मी गोंधळायचे. तिथल्या मुलीसुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणत. पहिला महिनाभर मी ते सुधारत बसले, मग सोडून दिलं. या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली, पण ती हजेरी आठवली की अजून माझं डोकं चढतं.

यादीत शेवटी एकच नाव असं होतं ज्याच्या आधी काही नव्हतं.

"कुंदा झाडे."

"हाव."

एवढंच. 'हजर' म्हणायचे कष्टही ती घेत नसे. खिडकीजवळ बसायची, गणिताच्या तासाला झोपायची, इतिहासाच्या तासाला जागी असून नसल्यासारखी. बाजाराच्या दिवशी हमखास दांडी. खोडे सर गणित शिकवत, ते म्हणाले होते की झाड्यांच्या पोरीवर वेळ घालवू नका, ती वेचणीपर्यंतचीच आहे. याचा अर्थ मला जूनमध्येच कळला होता. तिचे वडील वासुदेव झाडे प्रवेशाच्या वेळी गावंडे सरांना सरळ सांगून गेले होते, कापसाची वेचणी लागेपर्यंत पोरगी येईल, मग तिची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढून नेईन. थोरल्या दोघींचंही असंच झालं होतं. गावंडे सरांनी मान डोलावली होती. कच्ची मुलं बोर्डाच्या फॉर्मआधी गळाली तर निकाल चांगला लागतो, हे त्यांनी मला वेगळं समजावून सांगितलं नाही, पण मी आंधळी नव्हते.

तर तिच्या नावाआधी काय लावायचं हे विचारायचं काम माझ्याकडे आलं. जुलैतली गोष्ट. मी तिला वर्गातच उभं केलं आणि विचारलं, बाई गं, तुला पुढे काय व्हायचंय?

ती म्हणाली, "लाईनमंदी जायचं हाय."

"कुठल्या लाईनमध्ये?"

"लाईनमंदीच."

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मुलं बाकं बडवायला लागली, मुलींनी तोंडावर ओढण्या घेतल्या. आमच्याकडे मुलं मुलींवर लाईन मारतात, हा एवढाच अर्थ या वयाच्या पोरांच्या हसण्यामागे असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. मी टेबलावर पट्टी आपटली आणि त्यांना संस्कार, सभ्यता आणि स्त्रियांचा मान यांवर चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. वर्ग गप्प बसून माझ्याकडे पाहत राहिला. त्यांच्या चेहऱ्यांवर शरम नव्हती, नुसता गोंधळ होता. मला वाटलं, निर्ढावलेली आहेत.

पुढचे कितीतरी दिवस मी कुंदाच्या मागे लागले होते. नर्सिंग लाईन? नाही. डीएड लाईन? नाही. कॉम्प्युटरची लाईन आता फार जोरात आहे, ती? तिनं अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच मंदबुद्धी आहे. शिवणकाम? तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दर वेळी एकच पालुपद, लाईनमंदी. मी नवऱ्याला म्हटलं, या मुलीला काही करायचं नाहीये आणि ते सांगायचा तिला कंटाळा येतो. तो म्हणाला, मग सोड ना. पण गावंडे सर सोडत नव्हते. पेंटर व्हरांड्यातल्या फळ्यावर सगळ्यांची नावं हुद्द्यांसकट रंगवून गेला होता आणि कुंदा झाडेच्या आधी बोटभर जागा मोकळी होती. सर येता-जाता त्या जागेपाशी थांबत आणि दात पडलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहत.

मग भाद्रपदात एका दुपारी वारा सुटला, आभाळ भरून आलं आणि वर्गातला पंखा घरघर करून थांबला. अंधारून आलं. मागच्या बाकावरून अंकुश भोयर ओरडला, "कुंदे, लाईन गेली वो. जाय, चढ खांबावर."

वर्ग पुन्हा फिदीफिदी हसला, अगदी जुलैत हसला होता तसाच.

आमच्याकडे लाईट जाते. तिथे लाईन जाते. जूनपासून मी हे दिवसातून चारदा ऐकत होते, शिपाई नामदेव रोज सांगायचा, म्याडम, लाईन गेली. पण ते व्हरांड्यातलं बोलणं होतं आणि हे वर्गातलं, माझ्या डोक्यात या दोन्हींची कधी गाठच पडली नव्हती. आणि मी तिला दोन महिने नर्सिंग विचारत होते.

मी तिच्या बाकाशी गेले. "कुंदा, तुला विजेच्या तारांचं काम करायचंय? लाईनमन व्हायचंय?"

"मंग मी काय सांगून रायलो जुलैपासून," ती म्हणाली. तिचाही वैताग माझ्याइतकाच होता.

मला मनापासून राग आला. तिचा, माझा, सासवडचा आणि वर्ध्याचा, सगळ्यांचाच. पण खरं सांगायचं तर वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा मला एक मूल भेटलं होतं ज्याला काहीतरी खरोखर हवं होतं. बाकीच्यांना मी विचारलं होतं, कलेक्टर काय करतो? अंकुशनं सांगितलं होतं, गाडीत बसते.

पुढच्या शनिवारी मी एसटीनं तालुक्याच्या आयटीआयमध्ये गेले. तिथला कारकून जेवायला गेला होता, आल्यावर त्यानं मला प्रथम माझ्याच प्रवेशाचं विचारलं. मग म्हणाला, वायरमन, इलेक्ट्रिशियन दोन्ही आहेत, मुलींना बंदी नाही, पण कोणी येत नाही. अट एकच, दहावी पास. गणित आणि विज्ञान कच्चं असेल तर इथे टिकत नाहीत. मी हे कुंदाला सोमवारी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गनितबी?"

"गणित आधी."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

कसचं काय. दुसऱ्या दिवसापासून या पोरीनं माझा पिच्छा पुरवला. खोडे सरांकडे पाठवली तर ते म्हणाले, तिला नववीचं येत नाही, दहावीचं काय शिकवू. तेव्हा मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे यायला लागली. मी मराठीची बाई, गणिताशी माझा संबंध कॉलेजात जाताना आनंदानं संपलेला. आता घरी भाकरी भाजता भाजता मी दहावीचं गणित सोडवू लागले, कारण हिच्यापुढे अडलं की ती चेहऱ्यावर काही न दाखवता थांबून राही, आणि ते मला फार लागायचं.

एकदा पायथागोरसचं उदाहरण होतं. खांबाला दहा मीटरची शिडी टेकवली आहे, शिडीचा पाय खांबापासून सहा मीटरवर आहे, तर ती खांबाला किती उंचीवर टेकेल? कुंदानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, सहा मीटर दूर कोण शिडी ठेवते, घसरून मरन तो. मी म्हटलं, मरू दे, तू उत्तर काढ. ती काढेना. शिडी जवळ घ्या म्हणाली. शेवटी वैतागून मी पाय दोन मीटरवर आणला, आणि मग उत्तर सरळ येईना, वर्गमूळ काढत बसावं लागलं. मलाही ते धड येत नव्हतं. सुट्टी संपली, घंटा झाली, तरी ती मान वर करेना. तिसऱ्या दिवशी ती शहाण्णवचं वर्गमूळ दशांशापर्यंत काढून घेऊन आली आणि वही माझ्या डब्यावर ठेवली. भाजी सांडली. मी तिला रागावले आणि उत्तर बरोबर आहे हेही त्याच आवाजात सांगितलं.

ती अशी माझ्या डोक्यावर बसली. तरी सांगते, शिकवायला इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सहामाहीत ती गणितात पास झाली, अगदी काठावर. खोडे सरांनी पेपर दोनदा तपासला. दिवाळीची सुट्टी झाली आणि शाळा उघडली तेव्हा शेतं पांढरी झाली होती. वेचणी लागली होती. दर सकाळी मी व्हरांड्यातून पाहायचे, कुंदा येते की नाही. ती येत होती. वडील उद्या-परवा टीसीला येतील, असं ती स्वतःच एकदा म्हणाली, पाऊस येईल म्हणावं तसं. मी विचारलं, तू काही बोललीस का घरी? तिनं खांदे उडवले.

त्याच आठवड्यात जिल्ह्याहून साहेब तपासणीला येणार असल्याचा निरोप आला आणि गावंडे सरांना ती बोटभर मोकळी जागा पुन्हा टोचायला लागली. मी त्यांना म्हटलं, यात काय अडचण आहे, लिहा लाईनमन. सरांनी चष्मा काढला. लाईनमन हे काय ध्येय झालं का? आणि मुलगी असून 'मन' कसं लिहायचं? 'वूमन' लिहिलं तर साहेब विचारतील हे काय आहे, आणि 'मन' लिहिलं तर विचारतील शाळेत पोरी खांबावर चढवता का. मी बरंच बोलले. ती एकटीच मुलगी आहे जिला आपलं काम काय हे ठाऊक आहे, असंही म्हटलं. सर म्हणाले, दुधाणे म्याडम, तिची टीसी चार दिवसांत जाणार आहे, तुम्ही कशाला जीव काढता?

दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि मोकळ्या जागेत 'डॉ.' काढून गेला. तेवढंच बसत होतं तिथे.

साहेब आले ते उशिरा, घामाघूम, मागच्या शाळेत जास्तीचं जेवण झालेले. गावंडे सर त्यांना थेट माझ्या वर्गात घेऊन आले आणि 'उद्याची हजेरी' घ्या म्हणाले. मी सुरू केलं. कलेक्टर अंकुश भोयर, हजर. कलेक्टर, डॉक्टर, कलेक्टर, वैमानिक. साहेब खुर्चीत टेकून ऐकत होते. सर भिंतीशी उभे राहून ओठ हलवत होते, स्नेहसंमेलनातल्या नाटकाच्या मास्तरांसारखे. शेवटच्या नावापाशी मी आले. मला पुढे जाता आलं असतं, नुसतं नाव घेता आलं असतं. पण सर माझ्याकडे पाहत होते.

"डॉक्टर कुंदा झाडे."

कुंदा खिडकीजवळ ताठ बसून माझ्याकडे पाहत होती.

"डॉक्टर कुंदा झाडे."

साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, नसेल तर गैरहजर मांडा, पुढे चला. तेव्हा ती उठली.

"सर, कुंदा झाडे हजर हाय," ती म्हणाली. "डाक्टर कुंदा आली नाई."

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"त्यायले मी ओयखत नाई सर. कदी पायलंबी नाई."

मी हजेरीपटात तोंड घातलं, कारण मला हसू येत होतं. साहेबांनी विचारलं, मग तू कोण होणार? ती म्हणाली, लाईनमन. या वेळी वर्गात कोणी हसलं नाही, मला वाटतं सगळ्यांना सरांचा चेहरा दिसत होता. साहेबांना थोडी मजा वाटली असावी. त्यासाठी काय लागतं ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं आणि तिनं दहावी, आयटीआय, दोन वर्षं, मग कंपनीत शिकाऊ, असं सगळं घडाघडा सांगितलं. ठीक, ठीक, साहेब म्हणाले, आणि चहाचं काय झालं असं विचारून उठले. शेऱ्यात त्यांनी योजना स्तुत्य असल्याचं लिहिलं. त्या मुलीबद्दल चांगलं नाही, वाईट नाही, काहीच लिहिलं नाही. पण गावंडे सरांना एवढं पुरेसं नव्हतं. साहेबांची जीप वळली तशी त्यांनी नामदेवला सायकलवर झाड्यांच्या वावरात पाठवलं.

वासुदेव झाडे दुपारी आले ते तसेच, अंगावर कापसाचे तंतू, खांद्यावर दुपट्टा, बोटं सालटलेली. ऑफिसात खुर्ची होती, तिच्यावर बसले नाहीत. कुंदाला बोलावलं होतं, ती दाराशी उभी होती. वर्गशिक्षिका म्हणून मी होते. सरांनी सुरुवात केली की मुलीनं साहेबांसमोर शाळेची इज्जत घालवली, उलट उत्तर दिलं, अशा मुलीला ठेवून उपयोग नाही, तसंही तुम्ही टीसी नेणारच होता, आजच घेऊन जा. कागद तयार होता. सही तेवढी बाकी होती.

मी मध्ये पडले. म्हटलं, तिनं उलट उत्तर दिलं नाही, खरं उत्तर दिलं. गणितात पास झालीय ती. दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, दहावी झाली तर आयटीआयला जाईल, हाताला काम मिळेल. मी आवाज चढवला हे मला कळत होतं. सर म्हणाले, म्याडम, शांत बसा. मी बसले नाही.

वासुदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नव्हते, आणि माझं तेच मुख्य दुखणं होतं. चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. ते म्हणाले, "आता वेचनीले मानसं भेटत नाई म्याडम. हिचा हात लई चालते. अन् पोट्टीच्या जातीनं खांबावर चढाव, हे तुमाले तरी पटते का?"

मला त्या घटकेला सगळ्यांचाच वीट आला. सरांचा, या माणसाचा, आणि सगळ्यात जास्त त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीचा, जी माझी सगळी सुट्टी खाऊन आता आपल्या बाजूनं एक शब्द बोलायला तयार नव्हती. मी तिच्याकडे वळले.

"बोल ना आता. एरवी शिडीवरून माझ्याशी भांडतेस. दुसरं काही नको, डॉक्टर नको, नर्स नको, हेच का? काय आहे एवढं त्या खांबावर?"

तिनं वडिलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहत म्हणाली, "खांबावर काई नाई म्याडम."

"मग?"

"लाईन गेली का आमच्या वस्तीत सारे लाईनमनची वाट पायतात. मानसं रस्त्यावर जाऊन उभी रायतात. बायका पोरायले पाठवतात, दिसला का पाय म्हनून. तो काई चांगला मानूस नाई, शिव्या देते, कदी पिऊनबी येते. तरी वाट पायतात." ती थांबली. "मी घरी किती वाजता जातो, हे आमच्या घरी कोनाले मालूम नाई. मांगं एक डाव पाऊस झाला, पूर आला तं मी मामाच्या गावाले राह्यलो रातच्याले. सकायी आलो. मायनं विचारलं, पानी भरलं का. तिले वाटलं मी घरातच होतो."

गावंडे सर टीसीचा कागद टेबलावर सरळ करत राहिले.

"कोनी वाट पाहाव असं वाटते," ती म्हणाली. "बस. मंग शिव्या देल्या तरी चालते."

मी मार्गदर्शन प्रमुख होते. जूनपासून मी या मुलांना विचारत होते की तुला काय व्हायचंय, आणि सगळे मला काहीतरी सांगत होते. कुणाला कशाकरता व्हायचंय, हे मला त्या दिवसापर्यंत एकदाही ऐकू आलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड केलं.

वासुदेवरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, पुन्हा टाकला. मग त्यांनी मला विचारलं, "शाळा कवा सुटते जी?"

"पाचला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. टीसीबद्दल ना हो म्हणाले, ना नाही. सर म्हणाले, विचार करायला गेला असेल, उद्या येईल, आणि त्यांनी कागदावर सही करून ठेवली. कुंदा वर्गात गेली. मी तिच्यामागून गेले आणि तो तास मी इतका वाईट घेतला की मुलांनीही मला त्रास दिला नाही.

पुढचं आताच सांगून टाकते, नाही तर हे ऐकणारे सगळे शेवटी तेच विचारतात. कुंदा दहावी झाली, गणितात पुन्हा काठावरच, आणि आयटीआयला तिचा नंबर लागला. त्याच उन्हाळ्यात आमची बदली झाली, त्यामुळे ती कुठल्या खांबावर चढली हे मी पाहिलेलं नाही. मला जे सांगायचंय ते त्या दिवशी पाचचं.

घंटा झाली. मी पिशवी घेऊन फाटकाशी आले तेव्हा मुलांचा लोंढा नेहमीसारखा बाहेर पडत होता. समोरच्या पुलाच्या कठड्यावर वासुदेव झाडे बसले होते, शेजारी सायकल टेकवलेली. ते वावरात गेलेच नव्हते. दुपारपासून तिथेच होते हे मला नामदेवनं नंतर सांगितलं, म्हणाला, मी दोनदा पाणी नेऊन दिलं, पण तो माणूस नुसता फाटकाकडे पाहत बसला होता.

कुंदा दोन मुलींबरोबर बाहेर आली आणि थबकली. मुली पुढे निघून गेल्या.

"कोन गेलं?" तिनं घाबरून विचारलं. "माय बरी हाय ना?"

"कोनी नाई गेलं," ते उठले. "समदे बरे हाय."

"मंग इथं कायले बसले? वेचनी कोन करून रायलं?"

दुपट्ट्यानं त्यांनी तोंड पुसलं, सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "तुही वाट पाऊन रायलो," ते म्हणाले.

मला वाटलं आता ही रडणार. पण तिनं कपाळाला आठ्या घातल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि दप्तर खांद्यावर नीट केलं. "लोकं पाऊन रायले बाबा, चाला," ती वैतागून म्हणाली, आणि भराभर पुढे चालायला लागली.

वासुदेवराव माझ्याजवळून गेले तेव्हा थांबले. "त्या कागदाचं सांगजा सरले," ते म्हणाले. "राहू द्या म्हनाव त्यायच्यापाशीच." मग सायकल हातात धरून ते तिच्यामागे निघाले. ती पुढे, ते मागे, मध्ये बरंच अंतर होतं, आणि दर थोड्या वेळानं तीच थांबून, मागे वळून, ते येतायत का ते पाहत होती.